वर कोण थांबणार? : विहिरीतल्या एका मूल्यमापनाचं प्रकरण

हे प्रकरण दोर-बचाव शिकणाऱ्या एका उमेदवाराच्या शेवटच्या परीक्षेचं आहे. जागा पारोळा तालुक्यातली एक कोरडी विहीर, वेळ मे महिन्यातली सकाळ, पातळी 'टेक्निशियन'ची. उमेदवार नापास झाला. नापास करणाऱ्या तिघांत मीही होतो. निकालावर तिघांचं एकमत होतं, कारणावर नव्हतं, आणि हे टिपण त्या मतभेदापोटी लिहिलं आहे. गावाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही.

उमेदवार

वय सव्वीस. काम विहीर खोदणाऱ्या क्रेनवर. बाप त्याच धंद्यातला, त्यामुळे मिसरूड फुटायच्या आधीपासून वायररोपला लोंबकळून खाली उतरायची सवय. दिवाळी झाली की काम सुरू, पहिला पाऊस पडला की बंद. मधल्या काळात मिळेल ती मजुरी.

तो आमच्याकडे आला तो हौसेने नव्हे. ओळखीतल्या एका शेतकऱ्याच्या विहिरीचं पाणी खाली गेलं, पंपाला ओढ मिळेना, म्हणून डिझेल इंजिनच आतल्या ओट्यावर उतरवून चालवलं. इंजिन बंद पडलं म्हणून पाहायला जो उतरला तो आला नाही. खानदेशात हे नवीन नाही. इंजिनाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि विहिरीत वारा फिरत नाही. त्या दिवशी गावाने बोलावलं ते याला, कारण विहिरीत उतरणारा माणूस म्हणून पंचक्रोशीत हाच ठाऊक. तो उतरला नाही. का उतरला नाही हे त्याला तेव्हा सांगता आलं नाही, नुसतं 'मन घेईना' म्हणाला, आणि त्यावरून त्याला बरंच ऐकून घ्यावं लागलं.

अमेरिकेतल्या एनएफपीए १००६ या मानकात बचावकर्त्याच्या तीन पातळ्या आहेत: धोका ओळखून मदत बोलावणारा, बांधून दिलेल्या व्यवस्थेवर काम करणारा, आणि ती व्यवस्था स्वतः उभी करून चालवणारा. तिसरा तो टेक्निशियन. आमचं प्रशिक्षण ढोबळमानाने याच चौकटीवर बेतलेलं आहे. साक्रीकडे पवनचक्क्यांवर काम करणाऱ्या काही पोरांकडे इराटाचं, म्हणजे दोरावरून कामं करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं कार्ड असतं. ती वाट वेगळी. तिथे पहिल्या पातळीला किमान चार दिवसांचं प्रशिक्षण आणि एक दिवसाची परीक्षा, दुसरीला जाण्याआधी एक वर्ष आणि दोरावरचे १००० तास. तो माणूस दोरावर आपल्यापेक्षा सराईत असतो, पण त्याचं शिक्षण स्वतः सुखरूप काम करण्याचं आणि अडकलेल्या सोबत्याला सोडवण्याचं. अनोळखी विहिरीवर, गर्दीत, निंब आणि ट्रॅक्टर एवढ्या भांडवलावर पाच जणांकडून काम करून घेणं हा निराळा विषय आहे.

धुळ्याला राज्य आपत्ती प्रतिसाद दलाचा तळ आहे, महामार्गाने पारोळा तिथून फार लांब नाही. तरीही निरोप जाणं, गाडी निघणं, आडरस्त्याचं शेत सापडणं यात जो वेळ जातो त्या वेळात गावातलं कोणीतरी उतरतंच. एप्रिल २०२४ मध्ये नगर जिल्ह्यातल्या वाकडीला मांजर काढायला म्हणून एकामागे एक सहा जण शेणाच्या लगद्याने भरलेल्या जुन्या विहिरीत उतरले आणि पाच गेले. जो वाचला त्याच्या कमरेला दोर होता. आमच्या वर्गात हे सांगावं लागत नाही, सगळ्यांना ठाऊक असतं. अमेरिकेच्या नायॉश या संस्थेने १९८६ साली बंदिस्त जागांतल्या मृत्यूंबद्दल इशारा दिला होता, त्यात मेलेल्यांपैकी ६० टक्क्यांहून जास्त लोक वाचवायला गेलेले होते असं नोंदलं आहे.

दोरावर या मुलाला शिकवण्यासारखं फार नव्हतं. पाण्याच्या उंच टाकीवर आणि नंतर कातळावर त्याने उतरणं, चढणं, मध्येच दिशा बदलणं, दोराला जोडलेली गाठ भारासकट पार करणं, लटकलेल्या माणसाला आपल्यावर घेणं हे सगळं इतरांच्या निम्म्या वेळात केलं. गाठी मात्र आधी त्याच्या होत्या त्या सोडवाव्या लागल्या. क्रेनवर वायरला क्लॅम्प लागतो, आणि दोराला जी गाठ येईल ती.

विहीर

खोली साठ फूट, जुन्या मापाने दहा परस. तोंड अठरा फुटांचं. वरचं वीस फूट दगडी बांधकाम, चुना निघून गेलेला; खाली मुरूम, त्याखाली काळा कातळ. पस्तीस फुटांवर कातळाचा एक थर आत दीडेक फूट पुढे आलेला. तळाशी पाणी नाही, पालापाचोळा आणि थोडा ओला गाळ. काठापासून तीस पावलांवर जुना निंब. बाजूला विहिरीतून काढलेल्या मालाचा ढीग, त्यावर आता बाभळी. बाकी सगळी काळी जमीन, मे महिन्यातली, पाऊल अडकेल अशा भेगा पडलेली.

प्रसंग असा दिला होता: तळाशी एक बेशुद्ध माणूस (वाळूची पोती बांधून केलेला, ८० किलो), हाताशी चार सहकारी, दोन दोर, स्ट्रेचर, ट्रायपॉड, चार वायू मोजणारं यंत्र. गावातून मागता येईल ते मागावं. उन्हं चढायच्या आत आटपायचं, म्हणून साडेसहाला सुरुवात.

पहिली पंधरा मिनिटं त्याने दोराला हात लावला नाही. काठाभोवती फिरला, दोनदा पालथा पडून आत डोकावला आणि विहीरमालकाला म्हणाला, "नाना, ट्रॅक्टर मागं घ्या. पार बांधापर्यंत." ट्रॅक्टर काठापासून चांगला वीस फूट होता. त्याने दाखवल्यावर दिसलं की पूर्वेकडचं बांधकाम पोट काढून उभं आहे आणि फुगवट्याच्या वरच्या दोन थरांत ताजी फट आहे. इंजिनाच्या थरथरीने त्यातला दगड सुटला असता तर तो थेट तळातल्या माणसावर. मालाचा ढीगही त्याच बाजूला, म्हणजे त्याचा दाब त्याच भिंतीवर. त्याने पूर्वेचा अर्धा काठ सुतळी लावून बंद केला आणि सगळं काम पश्चिमेकडून घेतलं. मूल्यमापनाच्या कागदावर यासाठी रकाना नव्हता. तो कागद कातळकडा डोळ्यांपुढे ठेवून तयार केलेला आहे. मी समासात लिहून ठेवलं.

ट्रायपॉडचं त्याने काय केलं तेही सांगण्यासारखं. भेगाळलेल्या मातीत पाय रुततात, आणि तीन पायांपैकी एक रुतला तरी सगळा भार कलंडतो. त्याने पंपघराच्या जुन्या दाराच्या फळ्या मागवल्या, प्रत्येक पायाखाली एक घातली आणि तिन्ही पाय खाली साखळीने जखडले. मुख्य दोर निंबाच्या बुंध्याला. दुसरा, सुरक्षेचा दोर बांधावर नेलेल्या ट्रॅक्टरला: इंजिन बंद, गिअरमध्ये, चाकांना धोंडे, किल्ली आपल्या खिशात. विजेचा खांब जवळ होता, कोणीतरी सुचवलाही. त्याने नुसती मान हलवली. दोर ११ मिलिमीटरचे, युरोपियन मानक ईएन १८९१ च्या 'ए' प्रकारातले, म्हणजे किमान २२ किलोन्यूटन ताकदीचे. आठाच्या गाठीत त्यातली पाव भागाच्या आसपास ताकद जाते. दोन माणसांचा सामानासकट भार २०० किलो, म्हणजे दोन किलोन्यूटन धरला तरी हात राखून आहे. विहिरीवर दोर तुटतो तो वजनाने क्वचित, बहुतेक वेळा दगडाच्या धारेवर घासून. काठावर त्याने गोणपाटाच्या दुहेरी घड्या टाकल्या आणि त्या सरकू नयेत म्हणून खुंट्यांना बांधल्या.

इथपर्यंत आम्ही तिघंही खूश होतो.

हवा

यंत्र दोरीला बांधून वीस, चाळीस आणि साठ फुटांवर दोन-दोन मिनिटं धरलं. वर ऑक्सिजन २०.९ टक्के, मधे २०.२, तळाशी १८.६. विषारी वायू शून्य, ज्वलनशील शून्य. धोक्याची घंटा १९.५ ला वाजते, तशी ती वाजली.

जमलेल्यांत एक आबा होते, म्हणाले, "हाई इहिर खराब शे भो, कंदील सोडी पहा." कंदिलाची रीत इकडे पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, शिवाय निंबाच्या फांद्या दोराला बांधून वर-खाली हापसायच्या. फांद्यांनी हवा थोडीफार हलते. पण कंदील या विहिरीत छान जळला असता. ज्योत विझते ती ऑक्सिजन १६-१७ टक्क्यांपर्यंत उतरल्यावर, आणि कार्बन मोनॉक्साइडची तर तिला दखलही नाही.

दोन टक्के कमी म्हणजे कितीसं, असं आमच्याच एका सहकाऱ्याने विचारलं. उमेदवाराने वर्गात शिकलेला हिशेब त्याला तिथेच उभ्या उभ्या सांगितला, आणि तो बरोबर होता. हवेत ऑक्सिजन पाचवा हिस्सा. बाहेरून एखादा वायू येऊन हवेला ढकलत असेल, तर ऑक्सिजन २.३ टक्के घटायला एकूण हवेचा अकरा टक्के भाग दुसऱ्याच वायूने भरलेला असावा लागतो. तो कार्बन डायऑक्साइड असेल तर माणूस काही मिनिटांत आडवा. पाचोळा कुजून ऑक्सिजन खाल्ला गेला असेल तर कार्बन डायऑक्साइड साधारण तेवढाच, दोनेक टक्के. यांतलं काय झालंय हे आमचं यंत्र सांगत नाही, कारण त्याच्या चार वायूंत कार्बन डायऑक्साइड नाहीच. म्हणून आकडा वर येईपर्यंत कोणी उतरायचं नाही.

मग त्याने उफणणीचा पंखा मागवला. शेतीची लाइट त्या वेळी नव्हती, जनरेटर आला. तो त्याने वाऱ्याच्या खालच्या अंगाला, लांब बांधाकडे ठेवायला लावला, धूर विहिरीत यायला नको म्हणून. चार फुटी मल्चिंग पेपरच्या कडा जुळवून, चिकटपट्टी आणि सुतळी लावून सत्तर फुटांची नळी केली, तिच्या तोंडाशी दगड बांधून ती तळापर्यंत सोडली. नळी फुगली तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. अर्ध्या तासाने तळाशी २०.५. पंखा चालूच ठेवायचा, यंत्र उतरणाऱ्याच्या छातीवर राहायचं, असं त्याने सांगितलं.

आणि मग स्वतःच हार्नेसच्या पट्ट्या आवळायला लागला.

अडकलं तेव्हा

नियमात कुठेही 'म्होरक्याने उतरू नये' असं लिहिलेलं नाही. उतरायचं तर वरचा ताबा नाव घेऊन कोणाकडे तरी द्यायचा, आणि ज्याच्याकडे दिला त्याने तो मोठ्याने मान्य करायचा, एवढाच दंडक आहे. त्याने "बघा रे वर" म्हटलं आणि गेला.

खाली त्याचं काम अप्रतिम झालं. सहा मिनिटांत पोती स्ट्रेचरमध्ये बांधलेली, स्वतः शेजारी लटकलेला, शिट्टीचे दोन ठोके: वर घ्या. वर तीनास-एकची ओढ बांधलेली होती, म्हणजे घर्षण सोडलं तर एक किलोच्या जोराने तीन किलो उचलले जातात. दोघे ओढत होते. काठावर एक जण. सुरक्षेच्या दोरावर एक ताई, आश्रमशाळेत शिक्षिका आहेत, त्यांची परीक्षा त्या दिवशी नव्हती.

पंचवीस फूट वर आल्यावर स्ट्रेचरचं डोकं त्या पुढे आलेल्या कातळाच्या थराखाली गेलं. वरून हे दिसत नव्हतं. ओढणाऱ्यांना एवढंच जाणवलं की जड झालं. बघ्यांतले चार जण धावून आले आणि दोराला लागले. सहा जण, प्रत्येकी २५ किलोचा जोर धरला तर दीडशे. त्याची तिप्पट साडेचारशे. भार हलत असतो तोवर हा जोर त्याला उचलण्यात जातो. तो अडकला की तोच जोर दोरावर, निंबावर, स्ट्रेचरच्या पट्ट्यांवर आणि मधे सापडलेल्या माणसावर. खालून तो ओरडत होता, "सोड! सोड!" विहिरीत आवाज भिंतींवर आपटून वर येतो, सुरुवातीचं अक्षर गिळलं जातं, वर ऐकू आलं ते 'ओढ'. शिट्टी त्याच्या गळ्यात होती, पण दोन्ही हात स्ट्रेचर कातळापासून ढकलण्यात गुंतलेले.

थांबवलं ताईंनी. त्यांचा दोर त्या सैल पडेल तसा आत ओढून घेत होत्या, आणि पलीकडे सहा जण ओढत असताना यांच्या हातात वीतभरही दोर येईना. त्यांनी मूठ वर केली आणि एक ठोका वाजवला. आमच्या निरीक्षकाची शिट्टी तोवर ओठाला लागलीच होती.

इथून पुढचा भाग अभ्यासण्यासारखा आहे. स्ट्रेचर फूटभर खाली घेतल्याशिवाय सुटणार नव्हतं. ओढ मागे सरकू नये म्हणून दोरावर प्रुसिकची पकड होती (बारीक दोरीचे वेढे घालून केलेली, ताण आला की आवळणारी गाठ), आणि भार बसलेला प्रुसिक हाताने सुटत नाही. आधी किंचित वर ओढून त्याच्यावरचा भार काढावा लागतो. वर तर कातळ. यासाठीच प्रुसिक आणि अँकर (दोर बांधायची पक्की जागा, इथे निंब) यांच्यामध्ये भारासकट सोडता येईल अशी गाठ घालायची असते. ती त्याने सकाळी घातली होती, नीट, कागदावर पूर्ण गुण मिळतील अशी. पण ती कशाला आहे आणि कशी उलगडायची हे वरच्या चौघांपैकी कोणालाच त्याने सांगितलं नव्हतं. ताईंनी ती त्याला बांधताना पाहिली होती. त्यांनी आपला डिसेंडर, म्हणजे दोर धरून ठेवणारं आणि हळूहळू सोडणारं उपकरण, कुलूपबंद केला, निंबाशी गेल्या, बघ्यांना दोरापासून दूर केलं आणि गाठ इंच-इंच सोडत सगळा भार आपल्या दोरावर घेतला. मग परत येऊन डिसेंडरवरून फूटभर खाली. पलीकडच्या काठावरून एक बारीक दोर स्ट्रेचरच्या पायाकडे टाकला, काठावरच्या मुलाने तो बाजूला ताणून धरला, आणि स्ट्रेचर थराला वळसा घालून वर आलं.

यात अकरा मिनिटं गेली. तेवढा वेळ तो हार्नेसमध्ये लटकून होता. नुसतं लटकून राहिलं की रक्त पायांत साकळतं आणि धडधाकट माणूसही भोवळ येऊन शुद्ध हरपू शकतो. त्याने दोराचा फास करून त्यात पाय रोवले होते, आलटून पालटून वजन टाकत होता. वर आला तेव्हा चिडलेला होता, थकलेला नव्हता.

मतभेद

एका परीक्षकाचं म्हणणं सरळ होतं: ताब्याची जागा सोडली, सुपूर्द केली नाही, नापास. दुसऱ्याचा आक्षेप तांत्रिक: तो कातळाचा थर उतरताना त्याला दिसला होता, तरी बाजूला ताणायचा दोर आधीच लावला नाही. पकडीसाठी प्रुसिकऐवजी डिसेंडर वापरला असता तर खाली सोडायला एवढा खटाटोपही लागला नसता. दोन्ही मुद्दे खरे आहेत.

माझं म्हणणं थोडं वेगळं पडलं. त्या सकाळी हजर असलेल्यांत विहीर वाचता येणारा तो एकटा होता. फुगलेली भिंत, मालाचा दाब, माती कुठे धरेल आणि कुठे नाही, हे दुसऱ्या कोणाला कळत नव्हतं. अशा माणसाची जागा काठावर आहे. तो खाली गेला आणि काठावर उरले ते दोर ओढता येणारे हात. स्ट्रेचर बांधून वर यायला आमच्याकडे आणखी तिघं तयार होती, ताईंसकट. पूर्वेची भिंत पाहायला कोणी नव्हतं. म्हणून 'सुपूर्द केलं असतं तर चाललं असतं' हे मला पटत नाही. या विहिरीवर त्याने उतरायलाच नको होतं.

परीक्षेनंतरच्या बोलण्यात मी त्याला विचारलं की उतरलास का. तो म्हणाला, "सर, आमच्या टोळीत खाली जातो त्याची मजुरी जास्त. वर उभं राहिलं की वाटतं, आपण काही करूच नाही राहिलो." पुढे म्हणाला, "आणि लोक बघत होते."

मला यात त्याच्यापेक्षा आपल्या अभ्यासक्रमाचा दोष जास्त दिसतो. आपण मुलांना पहिल्या दिवशी हार्नेस घालून उतरवतो, कारण त्यात मजा आहे, फोटो चांगले येतात आणि पोरं टिकतात. काठ सांभाळणं, इशारे देणं, ओढ चालवणं हे 'पाळी आली की करायचं' काम होऊन बसतं. शहरातून आलेला ट्रेकर निदान घाबरत तरी असतो, त्यामुळे वर थांबायला त्याला कमीपणा वाटत नाही. या मुलाला भीतीच नव्हती, आणि शिकवताना आम्ही त्याचं कौतुकच करत होतो. पहिला परीक्षक म्हणतो की अभ्यासक्रम बदलण्याइतकं एका प्रकरणावरून सिद्ध होत नाही. ते वादासाठी मान्य. तरी पुढच्या तुकडीला मी आधी काठ देणार आहे.

नंतर

पावसाळ्यात काळ्या मातीच्या विहिरींवर सराव बंद असतो. तोवर त्याला पाण्याच्या टाकीवर बोलावलं, आणि अट एकच घातली: दोरावर जायचं नाही. इशारे, काठ, ओढ, भार एका दोरावरून दुसऱ्यावर नेणं, आणि प्रत्येक गाठ बांधताना ती कशाला आहे हे शेजारच्याला मोठ्याने सांगणं. पहिल्या दिवशी तो दर पाच मिनिटांनी कोणाच्या तरी हातातून दोर काढून घेत होता. सगळ्या इशाऱ्यांसाठी आता शिट्टीच: एक ठोका थांबा, दोन वर, तीन खाली, चार दोर मोकळा. तोंडी काही सांगायचंच असेल तर 'सोड' हा शब्द बाद, त्याच्या जागी 'खाली'. बघ्यांसाठी काठापासून तीस फुटांवर सुतळी, आणि दोराला हात लावायचा असेल तर त्या माणसाला आधी नाव विचारून जागा नेमून द्यायची.

फेरपरीक्षा कापूस वेचणी आटोपल्यावर झाली, अमळनेरच्या बाजूला दुसऱ्या एका विहिरीवर. या वेळी तळाशी ताई उतरल्या. स्ट्रेचर एकदा टेकलं, त्याने एक ठोका वाजवला, फूटभर खाली घेतलं, बाजूचा दोर ताणायला लावला आणि पुन्हा वर. स्वतः तो निंबाच्या आणि काठाच्या मधे उभा होता, दोन्ही हात मागे बांधून. मुद्दामच तसे ठेवले होते, हे नंतर त्यानेच सांगितलं. पास झाला. गुण गेले ते सुरक्षेच्या दोराच्या गाठीत. दोराचं शेपूट जेमतेम चार बोटं ठेवलं होतं, वीतभर हवं होतं.